श्रेय वळवाचं, पाणी मोरीचं

दुष्काळी भागात भाजी पावसाच्या भरवशावर लावायची नसते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फक्त वळीव पडल्याच्या संध्याकाळी ते कोणालाच आठवत नाही. एप्रिलमधली दुपार, चाळिशी ओलांडलेला पारा, मग धुळीची वावटळ, कुणाचे तरी पत्रे उडाल्याचा आवाज आणि वीसेक मिनिटं धो-धो पाऊस. वीज जाते ती जातेच; पण ती परत येईपर्यंत निम्म्या गल्लीने परसबाग करायचं ठरवलेलं असतं. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, तळ गेलेलं घमेलं, फ्रिजबरोबर आलेला आणि आठ वर्षं माळ्यावर पडून असलेला थर्माकोल, सगळं अंगणात येतं. दुसऱ्या दिवशी दुकानात भेंडी, गवार, दोडका यांची पाकिटं खपतात. पाकिटावरच्या चित्रातली भेंडी इतकी टवटवीत असते की तिला पाणी लागत असेल अशी शंकासुद्धा येत नाही. आठवड्याने दोन पानं वर येतात, त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात, मावशी अंगठा दाखवतात. पंधरवड्याने डबा पुन्हा अडगळीत जातो. या सगळ्याला जबाबदार वळीव असतो आणि तरी दर वर्षी तो निर्दोष सुटतो. माझं म्हणणं असं की दुष्काळी भागातली जी काही परसबाग जगते ती मोरीच्या पाण्यावर जगते. वळीव फक्त श्रेय घेऊन जातो.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. मृगापासून पुढच्या पावसाला पंचांगात मान आहे. प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, कुणाला हत्ती, कुणाला बेडूक, कुणाला गाढव. आणि वाहन पाहून यंदा किती बरसणार याचे अंदाज पारावर बांधले जातात. वळवाला वाहन नाही. तो पायी येतो, न सांगता येतो आणि कोणाच्या दारात थांबेल याचा नेम नसतो. जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्रावरून आलेलं बाष्प तिला भेटलं की दुपारनंतर ढग उंचच उंच चढत जातात. ते पसरत नाहीत, म्हणून पाऊसही पसरत नाही. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं जे म्हणतात, त्यात अतिशयोक्ती असली तर ती बैलापुरतीच आहे. हवामान खातं हेच सभ्य भाषेत सांगतं: तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस. माण-खटावात किंवा आष्टी-पाटोद्यात जन्म काढलेल्या माणसाला तुरळक ठिकाण म्हणजे शेजारचं गाव, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 

आता हिशेब. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. इतकं सोपं गणित निसर्गात दुसरं नसेल. घरामागे दहा चौरस मीटरचा वाफा आहे असं धरू, म्हणजे दोन खाटा आणि मध्ये चालायला वाट एवढी जागा. वळवाची एक दणदणीत सर २० मिलिमीटरची. वाफ्यात पडलं २०० लिटर पाणी. ऐकायला बरं वाटतं. पण एप्रिल-मेमध्ये या भागात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटरने खाली जातं, कोणी न पिता. म्हणजे ज्या सरीने विजेचे खांब पाडले, शाळेचे पत्रे उडवले आणि कवींना कामाला लावलं, तिचा हिशेब ऊन दोन दिवसांत चुकता करू शकतं. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. आलेल्या पाण्यातलं बरंचसं त्या भेगांतून थेट खाली जातं, आणि वर जे राहतं ते वीतभरही खोल मुरत नाही. मोठ्या थेंबांच्या माराने वरचा थर चोपून निघतो आणि ऊन पडलं की त्याची पापडी होते. कोवळ्या अंकुराला ही पापडी फोडून वर येणं जड जातं. पावसाने बी उगवतं हे खरं. या पावसाने ते झाकलं जातं हेही खरं.

आणि एवढं करून वळीव येतो तरी किती वेळा? मार्च ते मेमधल्या सगळ्या सरींचा मिळून ५० मिलिमीटर पाऊस धरला तरी तो उदारपणा होईल. आपल्या दहा चौरस मीटरला तीन महिन्यांत ५०० लिटर. आच्छादन घालून, दुपारची सावली करून, अगदी हात आखडून पाणी दिलं तरी या वाफ्याला दिवसाला ५० लिटर लागतं; ९२ दिवसांचं झालं ४,६०० लिटर. आता मोरीकडे वळू. चार माणसांचं घर. दुष्काळी भागातली आंघोळ, म्हणजे १५ लिटरची बादली आणि दारावर थाप: ‘झालं का?’ चौघांचे ६० लिटर. त्यातलं निम्मं जरी पाटाने मागे गेलं तरी ३० लिटर, आणि तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाच लिटर. रोजचं ३५ लिटर, न चुकता, नक्षत्र कोणतंही असो. तीन महिन्यांत ३,२०० लिटरच्या वर. वळवाच्या सहापट. उरलेली नऊशे लिटरची तूट भेंडी सोसते आणि म्हणून ती पाकिटावरच्या चित्रासारखी दिसत नाही.

तरीही एप्रिलच्या अखेरीला दोडक्याचा वेल कुंपणावर चढला की येणारा-जाणारा म्हणतो, ‘पाऊस झाला, बाग कशी तरारली बघा.’ ‘आंघोळी झाल्या, बाग तरारली’ असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. याचं कारण उघड आहे. पाऊस गाजावाजा करून येतो, त्याच्या तारखा लक्षात राहतात. मोरीची बादली रोज येते, म्हणून दिसत नाही. वळवाचं वागणं उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखं असतं: उशिरा येणार, दहा मिनिटं बोलणार, फोटोत मधोमध उभा राहणार आणि मांडव घालणाऱ्यांची नावं विसरून निघून जाणार. परसबागेत मांडव घालणारं माणूस बहुधा घरातली आजी असते किंवा सून. बादली तीच उचलते, पाटाचं तोंड तीच फिरवते, अळूच्या पानामागची अळी तीच काढते. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं आणि दोडक्याच्या श्रेयात तर ढग पुढे येतो. तिच्याकडे वाफ्याचं पाणी कुठून येतं अशी चौकशी केली तर ती मोरीकडे बोट दाखवेल. चौकशी सहसा घरच्या पुरुषाकडे होते आणि तो आभाळाकडे बघतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लिटर मोजून निसर्ग कळत नाही. पावसानंतर झाडं खरोखरच वेगळी दिसतात, आठ दिवस घातलेल्या पाण्याने जे होत नाही ते एका सरीने होतं. हा आक्षेप खोटा नाही. बोअरचं पाणी इथे जड असतं. त्यातले क्षार बादलीच्या काठावर पांढरे दिसतात तसे मातीतही साचत जातात. पावसाचं पाणी त्यामानाने निर्मळ. शिवाय पानांवरची महिनाभराची धूळ धुतली जाते, हवा दमट होते, रात्र गार होते आणि झाडाला श्वास घ्यायला उसंत मिळते. विजांमुळे हवेतला थोडा नत्र पाण्याबरोबर उतरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोरडी ठणठणीत माती एकदम भिजली की तिच्यात निपचित पडलेले सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि साठलेला नत्र मोकळा करतात. म्हणजे हिरवेपणा खरा असतो; पण त्यातला बराचसा मातीत आधीपासून जमा असलेला असतो. तो कुणी जमा केला? ज्याने शेणखत घातलं, पालापाचोळा कुजवला आणि ओल धरून ठेवली त्याने. पाऊस इथेही दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढून देतो. आणि हा चमत्कार आधीपासून जिवंत असलेल्या झाडावरच होतो. वाफ्यात मार्चपासून काही नसेल तर एप्रिलच्या सरीने तरारायचं कोणी? तरारतो तो लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत तयारच असतात, त्यांना बियाण्याचं दुकान लागत नाही.

दुसरा आक्षेप गंधाचा. हा खरं तर आक्षेपच नाही, पण दुष्काळी भागातल्या बहुतेक बागा याच मुद्द्यावर सुरू होतात, म्हणून उत्तर द्यायला हवं. पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास सुटतो त्याने शहाणी माणसं बी आणायला धावतात. कनौजचे अत्तरवाले हा वास कित्येक पिढ्या भाजल्या मातीतून काढून चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत, आणि ते अत्तर विकत घेणाऱ्याला निदान त्यानंतर भेंडी लावावीशी वाटत नाही. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये या वासाचा उगम शोधणारा लेख लिहिला: कोरड्या काळात दगडमातीत एक तेलकट अंश साठत जातो आणि ओल आली की त्याचा वास हवेत सुटतो. मातीतले जिवाणू बनवतात तो एक पदार्थही या वासात असतो. इथपर्यंत सगळं काव्याला पोषक आहे. पण पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली: हा तेलकट अंश बियांचं उगवणं आणि रोपांची सुरुवातीची वाढ मंदावतो. म्हणजे ज्या वासाने माणूस हातात खुरपं घेऊन अंगणात उतरतो, त्याच्यातलाच अंश बियाला सांगत असतो की जरा दम धर. बी ऐकतं. रानातलं गवत, टाकळा यांचं बी पुरेसा पाऊस पडेपर्यंत निवांत पडून राहतं. एका सरीत भुलून उगवतं ते आपलं पाकिटातलं बियाणं, कारण त्याने भुलावं म्हणूनच ते निवडून तयार केलेलं असतं.

शेतकऱ्याचं वागणं या रानबियासारखं आहे. वळीव पडला की तो पेरत नाही. नांगराने, कुळवाने मशागत करतो. ढेकळं फुटतात, तण उगवून येतं आणि मृगाच्या आधीच्या पाळीत ते मरतं. कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. ज्यांनी घाई केली त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी येते आणि ती पाळी माणसाला आयुष्यभर आठवते. परसबागवाल्याला दुबार पेरणीचं दुःख नाही. त्याचं बियाणं वीस-तीस रुपयांचं असतं; म्हणून तो दर वळवाला नव्याने पेरतो आणि दर वर्षी त्याला वाटतं की मागच्या वेळी दोष दुकानदाराचा होता.

तिसरा आक्षेप मात्र खणखणीत आहे आणि त्याच्यापुढे मला एक पाऊल मागे घ्यावं लागतं. कोणी म्हणेल, वाफ्यावर पडलेलं पाणी मोजता, छतावर पडलेलं का नाही? साठ चौरस मीटरचा स्लॅब असेल तर २० मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर १,२०० लिटर पाणी पडतं. गळती, तापलेल्या काँक्रीटने प्यायलेलं, उडून गेलेलं सोडलं तरी हजारभर लिटर हाती लागावं. सगळ्या वळवाचं मिळून दोन-अडीच हजार. मघाच्या नऊशे लिटरच्या तुटीला हे पुरून उरतं. आकडे मोठे करून बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. १२ तारखेला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. स्टेशनावर गर्दी, कॅमेरे, देशभर बातमी. तेवढंच पाणी वळवाची एक २० मिलिमीटरची सर सहा-सव्वासहा एकरांवर टाकून जाते आणि तिच्या स्वागताला कोणी नारळ घेऊन येत नाही, कारण पाणी उतरवून घ्यायची सोय फक्त रेल्वेसाठी केलेली असते.

तेव्हा आरोपपत्रात दुरुस्ती करायला हवी. वळीव वाफ्यावर पडतो तो जवळजवळ वाया जातो. छतावर पडतो तो कामाचा असतो. अडचण एवढीच की स्लॅबवरून ते पाणी मिनिटाला ४० लिटरच्या वेगाने येतं आणि घरात ड्रम असतो एक, दोनशे लिटरचा. पाच मिनिटांत तो भरतो. पुढची पंधरा-वीस मिनिटं घरातली सगळी पातेली, परात, कुकरचं भांडं आणि शेवटी तांब्या बाहेर येतो, आणि बाकीचं पाणी गटारातून त्याच तुरळक ठिकाणी निघून जातं. पन्हळीला पाईप आणि आणखी चार ड्रम, एवढ्याने हा प्रश्न घरापुरता सुटतो. पण बियाण्याचं पाकीट हिरव्या भेंडीचं चित्र दाखवतं आणि ड्रमवर चित्र नसतं. त्यामुळे वळवानंतर माणूस खरेदीला निघतो तो चुकीच्या दुकानात जातो. ड्रम घेतला तर त्याचं तोंड फडक्याने बांधावं लागतं, कारण डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आरोग्य विभाग सांगतो की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मुळात आठवड्याला एकच ओला दिवस असतो, हे त्या भिंतीवरच्या सूचनेला माहीत नसावं.

राहिला मोरीवरचा आक्षेप. साबणाचं पाणी भाजीला घालायचं, शी! यात शी करण्यासारखं थोडं आहे, सगळं नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो आणि तो काळ्या मातीत साचला की तिची घडण बिघडते, माती चिकट आणि घट्ट होते. तेव्हा धुण्याचं पहिलं फेसाळ पाणी भाजीला नको, ते कर्दळीला किंवा केळीला, आणि तेही बेताने. आंघोळीचं आणि खळबळलेलं पाणी चालतं, पण ते पानांवर न ओतता मुळाशी द्यावं, आणि कच्च्या खायच्या कोथिंबिरीला तेवढं तांदूळ-डाळीचं धुवण राखून ठेवावं. पूर्वी भांडी राखेने घासत तेव्हा मोरीमागचा अळू राखेचं पालाशही खात असे. आता तो लिंबाच्या वासाचा साबण पितो आणि तरी वाढतो. या दोन्ही काळांत त्याची तक्रार ऐकू आलेली नाही. ज्यांना मोरीचा वाटा ऐकून अळूचं फतफतं नकोसं होतं, त्यांनी बाजारातली पालेभाजी कोणत्या नाल्याकाठी वाढते याची चौकशी न केलेली बरी.

शेवटी कोणी विचारेलच: टँकर येणाऱ्या गावात भेंडी हवीच कशाला? प्यायला नसताना वाफ्याला कुठून देता? म्हणूनच मोरीचा आग्रह. ते पाणी एकदा वापरून झालेलं असतं; त्याने टँकरवरचा भार एका बादलीनेही वाढत नाही. भेंडी परवडत नसेल तर लावू नये. शेवगा आणि कढीपत्ता एकदा धरले की पुढे माणसाकडे फार बघत नाहीत. वेलाच्या आळ्यात मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर पाणी हळूहळू झिरपतं आणि ऊन त्याला शिवत नाही. वर उसाचं पाचट, त्यावर दुपारी जुन्या साडीची सावली. आणि वळवाचा आनंद जरा दबक्या आवाजात करावा, कारण ज्या ढगाने आपल्या डब्यातली कोथिंबीर भिजवली, त्याच ढगाखाली तासगाव-पंढरपूरकडे शेडवर बेदाणा वाळत असतो आणि झाडावर आंबा असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भात अजून कोणी विसरलेलं नाही.

तेव्हा यंदा वळीव पडला तर ओल आहे तोवर वाफा खणून घ्या, लव्हाळ्याच्या गाठी वेचा, शेणखत मिसळा आणि बियाण्याचं पाकीट मृगाचा पाऊस नीट बसेपर्यंत कपाटात ठेवा. दुकानात जायचंच असेल तर ड्रम आणि पन्हळीला लावायचा पाईप आणा. दोडक्याचं कौतुक करायला कोणी आलंच तर आभाळाकडे बोट दाखवू नका. रोजची बादली जी उचलते तिचं नाव सांगा.